शुक्रवारी न वाजणारा बँड

अब्राहम चेऊलकर एके काळी रॉकस्टार होता, यावर त्याच्या पोटच्या मुलीचाही विश्वास नव्हता. तिचा तरी काय दोष? अयेलेतने जन्मापासून बापाला लंडनच्या हॅरो भागातल्या चष्म्याच्या दुकानात पांढरा कोट घालून "आता खालची ओळ वाचा" म्हणतानाच पाहिलेलं. पुरावा म्हणून माळ्यावर एक जुनी रेकॉर्ड होती. तिच्या कव्हरवर बसस्टॉपवर कंटाळून उभी असलेली चार तरुण माणसं होती, आणि त्यातल्या सगळ्यात जास्त केसवाल्याखाली 'एब कार' असं छापलेलं होतं. आजच्या अब्राहमच्या डोक्यावर त्यातला एकही केस शिल्लक नव्हता, त्यामुळे पुरावा जरा कच्चाच पडायचा.

नावाची कथा साधी होती. मॅनेजर म्हणाला, चेऊलकर पोस्टरवर मावत नाही. त्याने पुढचं चेऊल कापून टाकलं आणि मागच्या 'कर'चा 'कार' केला. अब्राहमच्या आईने, रिवकाबाईंनी, ते पोस्टर हातात धरून लांबून पाहिलं, जवळून पाहिलं आणि म्हणाल्या, "वाडवडिलांचं गाव टाकलंस आणि शेपूट तेवढं ठेवलंस. शाबास."

बँडचं नाव होतं 'कोल्ड केटल'. अब्राहम नॉटिंगहॅमला डोळे तपासायचं शिकायला गेला आणि तिथे ड्रम वाजवायला लागला. जेरेमी गायचा, ऍलन गिटार वाजवायचा आणि जेनिफर बेस वाजवायची. जेनिफर आधी जेरेमीची मैत्रीण होती, नंतर ऍलनची झाली. ती दोघांनाही कंटाळली तेव्हा तिने मांजर पाळलं. चौघांनी एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत तीन वर्षं शेजाऱ्यांचा छळ केला, आणि मग त्यांचं 'नो बस टिल मंडे' हे गाणं अचानक देशाच्या यादीत चौदाव्या नंबरावर जाऊन बसलं. एकदा टीव्हीवरही आले. तेही गुरुवारी, म्हणून बरं.

म्हणून बरं, कारण कोल्ड केटल शुक्रवारी वाजत नसे.

शुक्रवारी न वाजणारा रॉक बँड म्हणजे दिवाळीत दुकान बंद ठेवणारा हलवाई. पण रिवकाबाईंपुढे कुणाचं काय चालणार? चेऊलकर मंडळी कोकणातली बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. पणजोबांचा तेलाचा घाणा होता आणि शब्बाथ पाळायचा, म्हणजे शुक्रवारी दिवेलागणीपासून शनिवारभर काम नाही, म्हणून तो शनिवारी बंद असे. गाव त्यांना शनवार तेलीच म्हणायचं. मुलगा बँडमध्ये जातो म्हणाला तेव्हा रिवकाबाईंनी एवढंच सांगितलं, "पणजोबांनी घाणा बंद ठेवला, तू ढोल बंद ठेव. शुक्रवारी दिवा लावायच्या आत घरी आला पाहिजेस. मग न्यूकॅसलला अस, नाहीतर नरकात."

तो हॅरोला घरी यायचा. ट्रेनने, बसने, एकदा तर कोंबड्यांच्या ट्रकमधून. पुढेपुढे बाकीचे तिघेही यायला लागले, कारण शुक्रवारी कामधंदा नाही आणि रिवकाबाईंच्या हातचं नारळाच्या रसातलं माशाचं कालवण. जेरेमीने एकदा सात वेळा वाढून घेतलं. रिवकाबाई त्याला 'बकासुर' म्हणायच्या आणि तो, चेऊलकर जिभेवर बसत नाही म्हणून, 'थँक यू, मिसेस सी' म्हणायचा.

मग त्र्याऐंशीच्या मे महिन्यात सगळं संपलं. अमेरिकेचा सहा आठवड्यांचा दौरा ठरत होता. एम वन मोटरवेवरच्या एका चहाच्या ठिकाणी चौघे बसले असताना अब्राहमने यादी पाहिली आणि फक्त विचारलं, "यात शुक्रवार किती आहेत?" पुढे काय झालं ते त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवे. जेरेमी ऍलनला काहीतरी बोलला, ऍलनने चिप्सची प्लेट भिरकावली आणि जेनिफर उठून व्हॅन घेऊन निघून गेली. व्हॅनमध्ये अब्राहमचा ड्रमसेट होता. उरलेले तिघे तीन वेगवेगळ्या दिशांनी लिफ्ट मागत घरी गेले. त्यानंतर कुणी कुणाला फोन केला नाही. कुणी नाही म्हणजे कुणीच नाही.

अब्राहमने डोळ्यांचा कोर्स पुरा केला, दुकान टाकलं, लग्न केलं, मुलगी वाढवली, बायको गेली तेव्हा रडला. पण मोटरवेवरून जाताना तो चहाचा बोर्ड दिसला की अजूनही तो लेन बदलून वेग वाढवी. त्या एका प्रश्नाने आपण तीन माणसांचं आयुष्य मोडलं, हे त्याने मनाशी पक्कं धरलं होतं. फोन कुठल्या तोंडाने करायचा?

आता रिवकाबाई नव्वदच्या झाल्या होत्या आणि त्यांचा डावा खुबा पार झिजला होता. अकरा महिने वाट पाहून ऑपरेशनचा मंगळवार मिळाला होता. आधीच्या बुधवारी हॉस्पिटलात संमतीच्या फॉर्मवर सही करायला गेले तर म्हातारीने पेन खाली ठेवलं.

"सही नाही करायची," रिवकाबाई म्हणाल्या.

"आजी, प्लीज ना," अयेलेत म्हणाली. तिची मराठी हॅरोत वाढलेली. "डॉक्टर खूप चांगली आहे. तो म्हणतो तुझी पाय एकदम नवा होईल."

"पाय नवा होईल, पण मी उठलेच नाही तर? माझा एलियाहू हन्नाबीचा नवस राहिलाय. तो डोक्यावर ठेवून मी कुणाच्या सुरीखाली जाणार नाही."

सर्जन नम्रपणे काय झालं म्हणून विचारू लागला. अयेलेतने जमेल तसं इंग्रजीत सांगितलं की आजीला एका प्रेषिताला थोडे पोहे द्यायचे राहिलेत. सर्जनने ते लिहून घेतलं आणि मग आपण काय लिहिलं ते वाचून पेन थांबवलं.

नशीब, तिथली नर्स पुण्याची निघाली. चैत्राली तिचं नाव. ती आजींशेजारी बसली.

"कधी बोलला होतात, आजी?"

"त्र्याऐंशी साली."

"अगंबाई! आणि पावला?"

"पावला गं. आठ दिवसांत पावला."

"अहो मग फेडायचा ना! बेचाळीस वर्षं ठेवतात का?" चैत्राली सर्जनकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "डॉक्टर, हे रक्ताच्या रिपोर्टपेक्षा महत्त्वाचं आहे. यांना सोमवारपर्यंत वेळ द्या."

सोमवारी दुपारी बारापर्यंत सही आली नाही तर तारीख दुसऱ्याला जाणार आणि पुढचा नंबर कधी लागेल ते देवालाच ठाऊक, असं ठरलं. गाडीत बसल्यावर अब्राहमने निःश्वास सोडला. मलिदाच करायचा ना? पोहे, गूळ, नारळ, पाच फळं, प्रार्थना. रविवारी दुपारी उरकून टाकू.

"नुसता मलिदा नाही," मागच्या सीटवरून आवाज आला. "तुमच्या बँडसाठी बोलले होते. ज्यांच्यासाठी बोलले ते चौघे समोर बसले पाहिजेत."

अब्राहमच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, कोण कुठे आहेत तेसुद्धा मला माहीत नाही."

"मग शोध. एवढी माणसांची नजर तपासतोस, तीन माणसं दिसेनात होय तुला?"

त्या रात्री अब्राहम नीट झोपला नाही, पण त्याच्या मनात एक नवाच ओलावा आला होता. आई नेहमी म्हणायची की ते ढोल बडवणं म्हणजे पत्र्यावर पाऊस. आणि तिनेच लपूनछपून त्यांच्या यशासाठी नवस केला? टीव्हीवर आले ते त्यामुळे? टीव्हीचं साल आधीचं होतं हे त्याच्या लक्षातही आलं नाही. साठी उलटली तरी आईने कौतुक केलेलं ऐकलं की माणूस हिशेबात कच्चा होतो.

माणसं शोधायला अयेलेतला वीस मिनिटं लागली. बेचाळीस वर्षांचा अबोला फोनवर वीस मिनिटांत शोधून मिळतो, हे पाहून अब्राहमला जरा अपमान झाल्यासारखंच वाटलं.

ऍलन मँचेस्टरला होता आणि ट्राम चालवत होता. अब्राहमचं नाव त्याने दोनदा पुन्हा विचारून खात्री करून घेतली. "माझ्या आईने आपल्या यशासाठी देवाला नवस केला होता," अब्राहम म्हणाला, "आणि तो पूर्ण झाला. आता आभार मानायचे आहेत." ऍलनला खरं वाटेना. "मिसेस सीने? आपल्यासाठी?" मग हळूच विचारलं, "बाकीचे दोघे येणारेत? माझं नाव काढल्यावर काय म्हणाले?"

जेरेमी ब्रिस्टलला पेन्शनरांना समूहगान शिकवत होता. तो फोनवर चक्क रडला, नाक शिंकरलं आणि मग तेच विचारलं, "माझं नाव काढल्यावर बाकीचे काय म्हणाले?"

जेनिफर नॉटिंगहॅमच्या एका शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "येते," ती म्हणाली. "मला तुझं काहीतरी परतही करायचंय. ते दोघे माझ्याबद्दल काही बोलले का रे?"

अब्राहमला कोडं पडलं. गुन्हेगार आपण आणि घाबरतात हे का?

रविवारी सकाळपासून रिवकाबाईंनी खुर्चीत बसून स्वयंपाकघर हलवून सोडलं. जाडे पोहे धुऊन झाले, त्यात गूळ, वेलची, बदाम, पिस्ते पडले. खजुराशिवाय मलिदा म्हणजे मिठाशिवाय कालवण, म्हणून अयेलेतला खजुरासाठी दोनदा दुकानात पिटाळलं. पहिली आली ती जेनिफर. रिवकाबाईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, "वाळलीस," म्हणाल्या, आणि तिच्या हातात खवणी दिली. निवृत्त मुख्याध्यापिका मुकाट्याने नारळ खवत बसली. मग ट्रामचा गणवेशाचा कोट घालून ऍलन आला. शेवटी जेरेमी आला, हातात एवढा मोठा फुलांचा गुच्छ आणि एवढंच मोठं पोट घेऊन. तिघांनी एकमेकांना "हॅलो" म्हटलं. नंतर दहा मिनिटं हवापाण्याबद्दल बोलले. इंग्रज माणसाला बेचाळीस वर्षांचं दुःखसुद्धा आधी ढगांवरून वळवून आणावं लागतं.

डोकी झाकायची होती. जेनिफरने स्कार्फ बांधला, ऍलनने ट्रामची टोपी घातली. जेरेमीच्या गुळगुळीत टकलावरून छोटी टोपी तीनदा घसरली, तेव्हा अयेलेतने ती चिकटपट्टीने बसवली. "काढताना ओरडू नको, हं," ती म्हणाली. तेवढ्यावर जेनिफर पहिल्यांदा हसली.

मधोमध मलिद्याचं ताट, कडेने पाच फळं, वर गुलाब. अब्राहमने प्रार्थना म्हटली. त्याचा आवाज सुरुवातीला एकटाच होता, मग खालून जेरेमीचा सूर येऊन त्याला अलगद टेकला, एकही शब्द माहीत नसताना. जुन्या सवयीने अब्राहमची बोटं मांडीवर वाजू लागली आणि ऍलनचा पाय त्याच ठेक्यावर हलू लागला.

"आता ऐका," रिवकाबाई म्हणाल्या. त्या मुद्दाम इंग्रजीतच बोलत होत्या, पाहुण्यांना कळावं म्हणून. "नवस कशासाठी होता ते चारचौघांत सांगायचं असतं. त्र्याऐंशी साली मी एलियाहू हन्नाबीला म्हटलं, हा बँड मोडू दे. मोडला तर चौघांना समोर बसवून मलिदा करीन. आणि आठ दिवसांत तुम्ही मोडलात."

खोलीत कुणी हललं नाही. जेरेमीची टोपीसुद्धा.

"त्या हिवाळ्यात एम वनवर बर्फात एका बँडची व्हॅन उलटली होती," त्या पुढे म्हणाल्या. "टीव्हीवर दाखवली. तुमच्यासारखीच पांढरी. चार पोरं. तुमची नव्हती हे कळेपर्यंत माझा जीव माझ्यात नव्हता. शब्बाथ होताच, पण खरं सांगू? शुक्रवारी बेल वाजली की मी मनात मोजायची. एक, दोन, तीन, चार. मग सहा दिवस पुन्हा जीव टांगणीला. मला ते सोसवेना."

अब्राहमला राग आला. साधासुधा नाही, कानशिलं तापवणारा राग आला. तो उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन सिंकपाशी उभा राहिला. बेचाळीस वर्षं! बेचाळीस वर्षं तो लोकांना "खालची ओळ वाचा" म्हणत राहिला आणि स्वतःच्या मनात एकच ओळ वाचत राहिला, की माझ्यामुळे मोडलं. ज्याच्या मोडण्यासाठी आई देवापुढे हात जोडत होती त्याचं खापर आपण आपल्याच डोक्यावर फोडून घेतलं!

बाहेरून जेरेमीचा आवाज आला. "पण मिसेस सी, बँड माझ्यामुळे मोडला. मी ऍलनला म्हणालो होतो की तुझी गिटार रबरबँड ताणून वाजवल्यासारखी वाटते."

"छे," ऍलन म्हणाला. "प्लेट मी फेकली. त्याआधी जेनिफरलाही मीच... तुला माहितेय. माझ्यामुळेच मोडला."

"व्हॅन कोणी नेली?" जेनिफरचा शाळेतला आवाज लागला. "वळून परत यायला निघाले होते मी. पुढच्या एक्झिटला वळले असते तर सगळं ठीक झालं असतं. नाही वळले. मला लाज वाटली."

अब्राहम दारात येऊन उभा राहिला. "आणि शुक्रवार किती आहेत हे कोणी विचारलं?"

तिघांनी त्याच्याकडे पाहिलं. "तू तसं विचारलंस?" जेरेमी म्हणाला. "मला तर आठवतही नाही."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे चार चोर होते, प्रत्येकाचं चांदणं वेगळं आणि चोरी कुणाचीच नाही. चौघांनी जो गुन्हा आयुष्यभर आपापल्या नावावर जपून ठेवला होता, तो म्हाताऱ्या बाईने पाच मिनिटांत पळवून नेला. आधी ऍलनच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. तो रडतोय असं वाटून जेरेमीने पाठीवर हात ठेवला, तर तो हसत होता. मग जेनिफर, मग सगळेच. जेरेमीची टोपी चिकटपट्टीसकट मलिद्याच्या ताटात पडली.

रिवकाबाई तेवढ्या हसत नव्हत्या. त्या मांडीवरचा रुमाल पुन्हा पुन्हा घडी घालून उलगडत होत्या. अब्राहमने ते पाहिलं आणि त्याचा राग जागच्या जागी थांबला. जिंकलेला माणूस पेढे वाटायला बेचाळीस वर्षं लावत नाही.

तो त्यांच्यापाशी खाली बसला. "आई, तेव्हाच का नाही फेडलास?"

"कसा फेडणार रे?" त्या आता मराठीत बोलल्या. "पहिले आठ दिवस वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. मग पुढच्या शुक्रवारी तू एकटा आलास. ती चार ताटं मांडायची सवय... तू जेवलास, ताट धुतलंस, आणि टेबलावर बोटं वाजवली नाहीस. तुझी बोटं तोवर कधी गप्प बसली नव्हती. देवाला गोड काय म्हणून द्यायचं? माझं पोर जिवंत होतं आणि मीच त्याचं काहीतरी मारलं होतं. मला माफ कर."

अब्राहमने आईचे दोन्ही हात धरले.

अयेलेतला मराठीतलं अर्धंच कळलं होतं, पण ती नाक पुसत होती. तिने पर्समधून हॉस्पिटलचा फॉर्म काढला. ऍलनने ट्रामच्या कोटातून पेन काढून दिलं आणि रिवकाबाईंनी ताटाशेजारी फॉर्म ठेवून सही केली, ठसठशीत, गावासकट. फॉर्मवर गुळाचं एक बोट उमटलं ते उमटलंच. मग सगळ्यांनी मलिदा खाल्ला. जेरेमीने चार वेळा घेतला.

"बकासुर," रिवकाबाई म्हणाल्या.

"थँक यू, मिसेस सी."

चहा झाल्यावर जेनिफर म्हणाली, "अब्राहम, गाडीतून तुझं सामान काढायला हात लावा जरा सगळे." चौघे बाहेर गेले. मागच्या सीटपासून डिकीपर्यंत चादरी गुंडाळून त्याचा ड्रमसेट ठेवला होता. मोठ्या ड्रमवरचं 'कोल्ड केटल' पिवळं पडलं होतं, पण सगळी अक्षरं जागेवर होती. "दर उन्हाळ्यात पुसायचे," ती म्हणाली. "परत कसा द्यायचा ते कळत नव्हतं."

त्यांनी तो आत आणून मांडला. अयेलेत भिंतीला पाठ लावून बघत राहिली. तिच्या बापाने चष्मा काढून खिशात ठेवला, काठ्या हातात घेतल्या, आणि मग चौदा वर्षांच्या पोरासारखा आईकडे बघत बसला. जेरेमीही तिकडेच बघत होता, ऍलनही, जेनिफरही. सत्तरीला टेकलेली चार माणसं नव्वद वर्षांच्या बाईच्या परवानगीची वाट बघत होती.

शेवटी जेरेमीने विचारलं. "मिसेस सी, नवस फिटला म्हणजे... आम्ही आता मोकळे का?"

रिवकाबाईंनी खुर्चीत जरा सरकून दुखरा पाय नीट ठेवला.

"मोकळे," त्या म्हणाल्या. "वाजवा कुठे वाजवायचं ते. शुक्रवारी मात्र चौघेही जेवायला या. मला मोजायचं असतं."